लांबच्या प्रवासासाठी मोटरसायकलची सीट कशी बसवून घ्यावी

दुकानात उभ्या असलेल्या गाडीची सीट अंगठ्याने दाबून पाहणे आणि ती मऊ लागली म्हणजे आरामदायी आहे असे समजणे, ही सीट पारखण्याची सर्वांत रूढ आणि सर्वांत फसवी पद्धत आहे. हे मी स्वतःच्या खर्चाने शिकलो. पुण्याहून निपाणी, आजरा, आंबोलीमार्गे सावंतवाडीला जायचे ठरले, तेव्हा आदल्या आठवड्यात एका सीटवाल्याकडून माझ्या साडेतीनशे सीसीच्या गाडीच्या सीटमध्ये दोन इंच मऊ फोम वाढवून घेतला. खंबाटकी ओलांडेपर्यंत मी त्या कारागिराला मनोमन दुवा देत होतो. कराडच्या पुढे मात्र दर दहा मिनिटांनी बूड कधी डावीकडे, कधी उजवीकडे सरकवू लागलो आणि कोल्हापूरच्या अलीकडे, चांगल्या सरळ रस्त्यावर, फूटरेस्टवर उभा राहून गाडी चालवू लागलो. संध्याकाळी सीट दाबून पाहिली, तर फोम सकाळइतकाच मऊ होता, आणि दुखण्याचे मूळ नेमके तेच होते.

लाकडी बाकावर बसून दोन्ही तळहात बुडाखाली घातले, की हाडांचे दोन गोलसर उंचवटे हाताला लागतात. ही बैठकीची हाडे. सरळ बसलेल्या माणसाच्या धडाचे बहुतेक वजन या दोन लहानशा जागांवर येते. फोम फार मऊ असेल, तर हाडे त्यात रुतत जातात आणि शेवटी खालच्या कडक पाटीला टेकतात. फोम दगडासारखा असेल, तर हाडांखालच्या त्वचेवरच सगळा भार राहतो. दोन्ही प्रकारांत दाबलेल्या जागेतला रक्तपुरवठा कमी होतो, त्यात घाम आणि उष्णता यांची भर पडते आणि तासाभरात ठणका सुरू होतो. चांगल्या सीटवर हाडे थोडी आत जातात, पण तळाला लागत नाहीत, आणि उरलेला भार नितंबांच्या स्नायूंवर व मांड्यांच्या मागच्या भागावर पसरतो. पुढचे सगळे उपाय या एका गोष्टीसाठी आहेत.

सीटला हात लावण्यापूर्वी दुखणे नेमके कुठे आहे, हे ठरवावे. त्यासाठी किमान दोन तासांची एक फेरी मारावी आणि थांबलो, की लगेच फोनमध्ये दोन ओळी लिहून ठेवाव्यात: किती वेळाने दुखू लागले, आणि कुठे. घरी आल्यावर आठवून लिहिलेले सहसा चुकते, कारण तोवर सगळेच अंग अवघडलेले असते. दोन ठरावीक बिंदूंवर ठणका असेल, तर फोम तळाला लागतो आहे किंवा अति कडक आहे. मांड्यांच्या आतल्या बाजूला काचत असेल, तर सीटचा पुढचा भाग जास्त रुंद आहे किंवा त्याची कड धारदार आहे. आपण सारखे टाकीकडे घसरत असू आणि दर थोड्या वेळाने मागे सरकावे लागत असेल, तर उतार पुढच्या बाजूला आहे. अशा सीटवर जांघेत दाब येऊन मुंग्या येतात आणि मनगटेही दुखतात, कारण घसरणारे शरीर आपण नकळत हातांनी मागे रेटत असतो. माकडहाड दुखत असेल, तर एकतर आपण पोक काढून बसतो आहोत, नाहीतर सीटच्या मागच्या चढावाला ते टेकते आहे.

याच टप्प्यावर सीटचा दोष नसलेल्या गोष्टी बाजूला काढाव्यात, कारण त्या फुकटात किंवा अगदी स्वस्तात दुरुस्त होतात. मागच्या खिशातले पाकीट काढावे. त्यामुळे कंबर एका बाजूने उचललेली राहते आणि तीनशे किलोमीटरनंतर पाठ त्याची वसुली करते. जाड शिवणीची जीन्स लांबच्या प्रवासाला घालू नये. सुती अंतर्वस्त्र घाम धरून ठेवते आणि ओल्या त्वचेला घर्षण लवकर जाणवते, म्हणून खेळाडू वापरतात तसे बिनशिवणीचे, लवकर वाळणारे कापड बरे. मागचे शॉक अ‍ॅब्सॉर्बरही पाहावेत. बऱ्याच गाड्यांमध्ये त्यांच्या स्प्रिंगचा ताण पायऱ्यापायऱ्यांनी कमीजास्त करता येतो आणि त्यासाठी लागणारा हूक पाना गाडीच्या हत्यारांबरोबर मिळतो. दोघांसाठी घट्ट करून ठेवलेली स्प्रिंग एकट्याच्या प्रवासातही तशीच राहिली, तर प्रत्येक खड्ड्याचा गचका थेट मणक्यात जातो आणि शिव्या मात्र सीटला बसतात. सीट उचलून तिच्या पाटीखालचे रबरी गुटके मोजावेत. एखादा गळून पडला असेल, तर पाटी तिथे वाकते आणि इंजिनाची थरथर तिच्यातून थेट वर येते. हा गुटका काही रुपयांचा असतो, पण तो कोणी पाहत नाही.

एवढे करूनही दुखणे राहिले, तर माप घ्यावे. कडक स्टुलावर खोक्याच्या नालीदार पुठ्ठ्याचा तुकडा ठेवावा, त्यावर पातळ कपड्यांत बसावे, किंचित पुढे झुकून पाय थोडे उचलावेत आणि अर्ध्या मिनिटाने उठावे. पुठ्ठ्यावर दोन खळगे उमटलेले दिसतात. त्यांच्या मध्यबिंदूंतले अंतर बहुतेकांचे १० ते १४ सेंटिमीटरच्या आसपास येते. स्त्रियांमध्ये ते सरासरीने थोडे जास्त असते. त्यात दोन्ही बाजूंना दोन-तीन सेंटिमीटर मिळवले, की सपाट आधार किमान किती रुंद हवा, ते कळते. आता हे माप आपल्या सीटवर, आपण प्रत्यक्ष जिथे बसतो तिथे लावून पाहावे. अरुंद सीटवर हाडे उतरत्या कडांवर येतात आणि मग फोम कितीही भारी असला, तरी उपयोग होत नाही.

गाडीचा प्रकार इथे महत्त्वाचा ठरतो. हीरोच्या एक्सपल्ससारख्या उंच गाडीची सीट अरुंद असते, कारण ती कच्च्या रस्त्यावर उभे राहून, पुढेमागे सरकत चालवण्यासाठी घडवलेली आहे. महामार्गावर दिवसभर बसून राहणाऱ्याने तिला नावे ठेवण्यात अर्थ नाही. उलट रॉयल एनफिल्डच्या मिटिऑरसारख्या क्रूझरची सीट रुंद आणि बुटकी असली, तरी पाय पुढे असल्यामुळे ते खड्ड्यात भार उचलू शकत नाहीत आणि सगळा हादरा कण्याला बसतो. म्हणजे क्रूझरवाल्याला हादरे शोषणारा फोम जास्त जाडीचा हवा, तर उंच गाडीवाल्याला रुंदी हवी.

कंपनीची टूरिंग सीट उपलब्ध असेल, तर ती आधी पाहावी. पाटीचा आकार तोच असल्यामुळे ती नेमकी बसते आणि मूळ सीट शाबूत राहते. मात्र शक्य असल्यास ती सीट लावलेल्या एखाद्या मित्राची गाडी तासभर चालवून मगच पैसे द्यावेत, कारण ती सीटही कोणातरी सरासरी माणसाच्या अंगाची असते.

बाकीच्यांसाठी सीटवाला हाच खरा उपाय आहे, पण त्याला काय सांगायचे, हे आपल्याला ठाऊक असले पाहिजे. ‘जरा आरामदायी करून द्या’ असे म्हटले, की तो वर मऊ फोमचा थर चिकटवतो, कारण बहुतेक गिऱ्हाइके अंगठ्याने दाबून खूश होतात. फोमच्या दुकानात ३२ डेन्सिटी, ४० डेन्सिटी असे आकडे ऐकू येतात. हा आकडा म्हणजे एका घनमीटर फोमचे किलोग्रॅममधले वजन. तो जितका मोठा, तितका फोम सहसा जास्त टिकतो; पण डेन्सिटी आणि कडकपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कमी डेन्सिटीचा फोमही नवा असताना कडक लागू शकतो आणि मग काही महिन्यांत बसतो. रीबॉन्ड म्हणजे फोमचे बारीक तुकडे चिकटद्रव्य घालून दाबून केलेली रंगीबेरंगी ठिपक्यांची लादी. ती घन, जड आणि टिकाऊ असते, म्हणून हाडांखाली आधार देण्यासाठी उपयोगी पडते. मात्र पूर्ण सीट तिचीच केली, तर फळीवर बसल्यासारखे होते.

दुसऱ्या खेपेस मी ज्या कारागिराकडे गेलो, त्याने सीटला हात लावण्याआधी मला गाडी मुख्य स्टँडवर लावून नेहमीसारखे बसायला सांगितले आणि तो बाजूला बसून बिडी संपेपर्यंत नुसता पाहत राहिला. मग स्क्रू-ड्रायव्हर आणि पकडीने पिना उपटून रेक्झिन सोलले आणि मला उघड्या फोमवर बसवले. हाडे कुठे टेकतात, ती जागा मी बोटांनी चाचपून सांगितली आणि त्याने तिथे स्केचपेनने दोन गोल काढले. आधीचा मऊ थर त्याने पुरता काढून टाकला. मूळ फोममध्ये त्या दोन गोलांना सामावणारा, वहीच्या पानाएवढा एकच खळगा करवतीच्या पात्याने कापला, त्यात इंचभर जाडीची रीबॉन्डची लादी बसवली आणि पुढच्या बाजूला पाचर चिकटवून उतार मोडला. दोन खळगे करायचे नाहीत, कारण सांधा हाडाखाली आला, की सोल्यूशन वाळून कडक झालेली रेघ टोचते, हे त्याने मला न विचारता सांगितले. पुढच्या कडा ग्राइंडरने घासून गोल केल्या, फोमच्या पिवळ्या भुशाने त्याचे हात कोपरापर्यंत माखले, आणि सगळ्यावर अर्ध्या इंचाहून कमी जाडीचा मऊ थर आला, तोही केवळ सांधे झाकण्यापुरता.

यानंतरची पायरी सर्वांत महत्त्वाची आहे आणि घाईत तीच गाळली जाते. कव्हर ठोकण्यापूर्वी उघड्या फोमवर किमान अर्धा तास, हेल्मेटसह, हात हँडलवर आणि पाय फूटरेस्टवर ठेवून बसावे. कारागीर कंटाळतो, त्याला चहा पाजावा. कव्हर चढल्यावर प्रत्येक बदलासाठी पुन्हा पिना उपटाव्या लागतात, त्यामुळे जे काही घासायचे, ते आत्ताच घासून घ्यावे. जमल्यास जुन्या सामानाच्या बाजारातून आपल्याच मॉडेलची एक जादा सीट आणावी आणि प्रयोग तिच्यावर करावेत.

कव्हरसाठी चकचकीत रेक्झिन घेऊ नये. ब्रेक लावला, की त्यावरून पुढे घसरायला होते. खरखरीत, मॅट पोताचे चांगले. बसण्याच्या जागेवर शिवण किंवा पायपिंग नको, नक्षीचे टाके तर मुळीच नकोत, कारण प्रत्येक टाका म्हणजे पावसाला दिलेले एक भोक. कोकणातल्या पावसात एकदा भिजलेला फोम कित्येक दिवस वाळत नाही, म्हणून कव्हरखाली पातळ प्लॅस्टिकचा थर घालून घ्यावा. तो कुरकुरत असेल, तरी सहन करावा.

वरून बांधायच्या गाद्यांबद्दल थोडक्यात. जेल दाब पसरवते, पण स्वतः हादरा शोषत नाही आणि उन्हात तापलेली जेलची गादी तव्यासारखी चटका देते. थांबल्यावर तिच्यावर जॅकेट टाकून ठेवावे. हवेच्या कप्प्यांची गादी उत्तम काम करते, मात्र ती टम्म फुगवली, की चेंडूवर बसल्यासारखे डुलते. तिच्यावर बसून हवा सोडत जावे आणि हाडे व सीट यांच्यात बोटभर अंतर उरले, की झडप बंद करावी. लेह-लडाखकडे जाणाऱ्यांनी उंचीवर ती पुन्हा तपासावी, कारण बाहेरचा दाब कमी झाल्यावर आतली हवा फुगते. जाळीचे कव्हर आधार देत नाही, पण खालून वारा खेळता ठेवते, आणि एप्रिल-मेमध्ये तेवढेही पुष्कळ असते.

सीट बदलताना उंचीचे भान ठेवावे. रॉयल एनफिल्डच्या क्लासिक ३५० ची सीट मुळात ८०५ मिलिमीटर उंच आहे. तिच्यावर २० मिलिमीटर चढले आणि रुंदीही वाढली, तर मांड्या फाकल्यामुळे पाय जमिनीपर्यंत आणखीच कमी पोहोचतात. सामान लादलेली गाडी उतारावरच्या खडीत उभी करताना टाच टेकत नसेल, तर दिवसभराचा आराम एका क्षणात महागात पडतो. उंच माणसाला मात्र याच वाढीचा फायदा होतो, कारण गुडघा कमी दुमडतो. मागे बसणाऱ्याची जागा वेगळी मोजावी. नवऱ्याने आपल्यापुरती सीट करून घ्यायची आणि बायकोने मागच्या अरुंद पट्टीवर सावंतवाडीपर्यंत तग धरायचा, हा प्रकार आमच्या घरी एकदाच घडला.

नवी सीट घेऊन लगेच पाचशे किलोमीटरच्या प्रवासाला निघू नये. फोम पहिल्या काही फेऱ्यांत थोडा बसतो आणि अंगालाही नव्या आकाराची सवय व्हावी लागते. आधी साताऱ्यापर्यंत जाऊन यावे, पुन्हा दोन ओळी लिहाव्यात आणि आधीच्या नोंदीशी ताडून पाहाव्यात. ठणका आधी चाळीस मिनिटांनी सुरू होत होता आणि आता दोन तासांनी होत असेल, तर काम जमले असे धरावे, कारण कोणत्याही सीटवर दर तास-दीड तासाने उतरून पाच मिनिटे चालावेच लागते. ठणक्याची जागा बदलली असेल, उदाहरणार्थ हाडांऐवजी मांडीच्या कडेला आली असेल, तर तीच सीट घेऊन त्याच कारागिराकडे परत जावे आणि तेवढीच कड घासून घ्यावी. माझी सीट तिसऱ्या खेपेला बसली.