जुनाट आजाराच्या रुग्णाला संसर्गापासून कसे जपावे

मधुमेह, उच्च रक्तदाब, हृदयविकार, दमा हे वर्षानुवर्षे सोबत राहणारे आजार आणि फ्लू, क्षय, डेंग्यू, अतिसार हे संसर्ग यांचा विचार बहुतेक घरांत वेगवेगळा होतो. पहिल्यांसाठी महिन्याची औषधे आणली जातात, दुसऱ्यांसाठी ताप चढल्यावर धावपळ केली जाते. शरीरात मात्र या दोहोंची गाठ सतत पडत असते. मधुमेह असलेल्या व्यक्तीला क्षयरोग होण्याचा धोका इतरांच्या दोन ते तीन पट असतो. कॅनडातील एका अभ्यासात, जो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला, फ्लूचे निदान झाल्यानंतरच्या पहिल्या सात दिवसांत हृदयविकाराच्या झटक्याचे प्रमाण एरवीच्या सुमारे सहापट आढळले होते. म्हणून घरात असा रुग्ण असेल, तर संसर्गाची तयारी तो ठणठणीत असतानाच करून ठेवावी.

सुरुवात एका वहीपासून करावी. तिच्या पहिल्या पानावर चालू औषधांची नावे, मात्रा आणि वेळा, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे, घेतलेल्या लसींच्या तारखा आणि नेहमीच्या डॉक्टरांचा फोन क्रमांक एवढे असावे. दुसऱ्या पानावर तब्येत बरी असतानाचे आकडे लिहावेत, म्हणजे रक्तदाब, वजन, तीन महिन्यांची सरासरी साखर, मूत्रपिंडाच्या तपासणीतील क्रिएटिनिन आणि फुप्फुसाचा आजार असल्यास रक्तातील ऑक्सिजन. हे दुसरे पान अनेक जण अनावश्यक समजतात, पण मध्यरात्री रुग्णालयात नेल्यावर समोरच्या डॉक्टरांना सर्वांत जास्त उपयोग त्याचाच होतो, कारण आजचा आकडा बिघडलेला आहे की या माणसाचा नेहमीचाच आहे, हे त्यावरूनच ठरते. दोन्ही पानांचा फोटो घरातील प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये ठेवावा.

वहीत लिहिलेला आकडा नीट मोजलेला नसेल, तर तो दिशाभूल करतो. रक्तदाब मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू आणि व्यायाम टाळावा, लघवीला जाऊन यावे आणि पाठीला आधार देऊन, दोन्ही पावले जमिनीवर टेकवून, पायावर पाय न ठेवता पाच मिनिटे स्वस्थ बसावे. पट्टा कपड्यावरून न बांधता उघड्या दंडावर बांधावा, हात टेबलावर हृदयाच्या पातळीत ठेवावा आणि मोजणी संपेपर्यंत कोणीही बोलू नये. गप्पांनी आकडा वाढतो, हे यंत्र विकणारे सहसा सांगत नाहीत. जाड दंडाला लहान पट्टा बांधला तरी आकडा खोटा चढतो. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे लिहावेत. घरी अशा रीतीने काही दिवस मोजलेली सरासरी १३५/८५ किंवा त्याहून जास्त येत असेल, तर वही घेऊन डॉक्टरांकडे जावे. एखाद्या दिवशीच्या आकड्यावरून स्वतः गोळी वाढवू अथवा बंद करू नये.

व्यायाम, मीठ आणि तंबाखू यांविषयी बहुतेकांना ठाऊक असते, तेव्हा थोडक्यात सांगायचे तर आठवड्याला किमान १५० मिनिटे दमछाक न होणारा पण श्वास थोडा वाढवणारा व्यायाम, दिवसाला सर्व मिळून ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ आणि तंबाखू पूर्ण बंद.

लसींकडे प्रौढ रुग्णांचे दुर्लक्ष फार होते, जणू लस ही लहान मुलांचीच बाब आहे. फ्लूचा विषाणू सतत बदलत असल्याने त्याची लस दरवर्षी घ्यावी लागते आणि संरक्षण निर्माण व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. त्यामुळे साथ सुरू झाल्यावर नव्हे, तर हंगामाच्या आधी ती घ्यावी. न्यूमोकोकस या जिवाणूमुळे होणाऱ्या न्यूमोनियाची आणि हिपॅटायटिस बी ची लस आपल्याला लागू आहे का, हे डॉक्टरांना आपण होऊन विचारावे. रुग्णासोबत राहणाऱ्यांनीही फ्लूची लस घेतली, तर विषाणू घरात येण्याची वाट अरुंद होते.

रोजच्या खबरदारीत हात साबणाने किमान २० सेकंद धुणे, खिडक्या उघड्या ठेवणे आणि सर्दी-खोकला झालेल्याने रुग्णाजवळ जाताना मास्क लावणे या गोष्टी आल्याच. डासांच्या बाबतीत आठवड्याचा नियम पाळावा: डेंग्यू पसरवणाऱ्या डासाची अंड्यापासून उडत्या डासापर्यंतची वाढ साधारण ७ ते १० दिवसांत होते, म्हणून साठवलेल्या पाण्याची भांडी आठवड्यातून एकदा रिकामी करून आतून घासावीत, कारण कडेला चिकटलेली अंडी कोरड्यातही महिनोन्‌महिने टिकतात. मधुमेह असेल, तर रोज रात्री पावलांचे तळवे आरशात पाहावेत आणि बोटांमधील जागा कोरडी करावी. संवेदना कमी झालेल्या पायाला खडा टोचलेला कळत नाही, आणि त्या न दुखणाऱ्या जखमेतील संसर्गच पुढे पाय कापण्यापर्यंत नेतो.

आता सर्वांत महत्त्वाचा भाग, म्हणजे आजारपणाच्या दिवसांची योजना. ही योजना पुढच्या नेहमीच्या भेटीत डॉक्टरांकडून लिहून घ्यावी, कारण उलट्या सुरू झाल्यावर फोनवर सगळे समजावून घेणे अवघड जाते. संसर्गात शरीरातील ताणाची संप्रेरके वाढतात आणि त्यामुळे खाणे कमी झाले तरी साखर चढू शकते. ‘जेवलो नाही, म्हणून इन्सुलिन घेतले नाही’ हे वाक्य म्हणूनच धोक्याचे आहे. मात्रा बदलावी लागेल, पण इन्सुलिन परस्पर पूर्ण थांबवू नये. अशा दिवसांत साखर साधारण दर चार तासांनी तपासावी. ती ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली आणि रुग्ण शुद्धीवर असेल, तर १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर द्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे.

काही गोळ्यांचे मात्र उलट असते. जुलाब-उलट्यांनी शरीरातील पाणी कमी झाले असताना मेटफॉर्मिन, नावाच्या शेवटी ‘ग्लिफ्लोझिन’ असलेली मधुमेहाची औषधे, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या आणि रक्तदाबाची काही औषधे तात्पुरती थांबवावी लागू शकतात. नेमकी कोणती, कधी थांबवायची आणि खाणे-पिणे पूर्ववत झाल्यावर किती वेळाने सुरू करायची, हे त्या योजनेत औषधाच्या नावानिशी लिहिलेले हवे. ओआरएसचे पाकीट त्यावर लिहिलेल्या मापाच्या स्वच्छ पाण्यातच विरघळवावे. अंदाजाने पाणी कमी-जास्त केले की क्षारांचे प्रमाण बिघडते. हृदय किंवा मूत्रपिंड कमकुवत असल्यास किती द्रव चालेल, तेही आधीच विचारावे. तापासाठी योग्य मात्रेत पॅरासिटामॉल वापरावे. आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामकांनी मूत्रपिंडावर ताण येतो आणि डेंग्यूत रक्तस्रावाचा धोका वाढतो. हृदयासाठी रोज ॲस्पिरिन घेणाऱ्याला डेंग्यूची शंका आली, तर गोळीचे काय करायचे ते त्याच दिवशी डॉक्टरांना विचारावे.

धाप लागणे, छातीत दुखणे, पाणीही पोटात न टिकणे, लघवी फार कमी होणे यांपैकी काहीही दिसल्यास वाट न पाहता रुग्णालय गाठावे. वयस्कर रुग्णांत ताप न येताही गंभीर संसर्ग असू शकतो. अचानक बरळणे किंवा सतत झोपून राहणे हेच कधीकधी एकमेव लक्षण असते.

सर्दी आणि फ्लू विषाणूंमुळे होतात, त्यांवर अँटिबायोटिकचा उपयोग नसतो, तेव्हा मागच्या वेळच्या उरलेल्या गोळ्या घेऊ नयेत. आजार ओसरल्यावर थांबवलेली औषधे योजनेप्रमाणे पुन्हा सुरू झाली की नाही, हे घरातील दुसऱ्या कोणीतरी वहीत पाहावे, कारण तात्पुरती बंद केलेली गोळी कायमचीच विसरली जाते. आणि खोकला दोन आठवड्यांहून जास्त रेंगाळला, तर खोकल्याच्या औषधाची बाटली बदलत बसण्याऐवजी थुंकीची क्षयरोगासाठी तपासणी करून घ्यावी; निदान झाल्यास घरातील सर्वांचीही तपासणी करावी.