विजापूरची एक दिवसाची सहल : या चुका टाळा

सोलापूरहून विजापूर जेमतेम शंभर किलोमीटरवर आहे, आणि बहुतेक सहली या जवळिकीमुळेच फसतात. "दोन तासांत तर पोहोचतो" असे म्हणत मंडळी निवांत निघतात आणि गोलघुमटाच्या पायऱ्या चढू लागतात तेव्हा ऊन डोक्यावर आलेले असते. अनेक वर्षे मी नातेवाइकांना आणि शेजाऱ्यांना घेऊन तेथे जात आहे, आणि ही चूक मला सर्वांत जास्त खुपते.

१६५६ मध्ये पूर्ण झालेली मुहम्मद आदिलशहाची ही कबर बाहेरून केव्हाही पाहता येते. मात्र घुमटाच्या आत गोल फिरणाऱ्या सज्ज्यात भिंतीशी तोंड नेऊन केलेली कुजबुज समोरच्या टोकाला, जवळजवळ ३८ मीटरवर, स्पष्ट ऐकू येते, आणि तो अनुभव केवळ शांततेतच मिळतो. तीन वर्षांपूर्वी आमच्या गल्लीतले एकवीस जण मिनीबसने निघालो. सहाला निघायचे ठरले होते. चहा, डबे आणि कुणाचा तरी विसरलेला चार्जर यांपायी आठ वाजले, वाटेत नाश्त्याला पाऊण तास गेला, आणि आम्ही वर पोहोचलो तेव्हा तीन शाळांच्या सहली शिट्ट्या मारत होत्या. आमच्यात एक आजोबा होते. त्यांचे सारे आयुष्य गिरणीत गेले होते आणि मागांच्या खडखडाटाने कान निम्मे गेले होते. कोपऱ्यातल्या मनोऱ्याचे सात मजले दर वळणावर थांबत ते चढून आले, भिंतीला कान लावून पंधरा मिनिटे उभे राहिले आणि काहीही न ऐकता उतरले. पुढच्या डिसेंबरात पहाटे साडेचारला निघून मी त्यांना पुन्हा नेले. सज्ज्यात आम्ही चौघेच होतो. पलीकडून त्यांच्या सुनेने भिंतीशी हळूच विचारले, "मामा, ऐकू येतंय का?" आजोबा मान न वळवता म्हणाले, "येतंय की. हळू बोल."

तेव्हापासून माझी सवय ठरलेली आहे : निघायचे साडेचारला, आणि टाकळीचा पूल ओलांडून भीमेपलीकडे गेल्याखेरीज चहा नाही. मुलांना ओरडायला शिकवू नये. एकाने कागद चुरगाळावा आणि दुसऱ्याने पलीकडून तो ऐकावा. मनोऱ्यातला जिना अरुंद आणि उभा आहे, म्हणून कुणाचे गुडघे दुखतात हे घरूनच विचारून घ्यावे. उगाच आग्रह करून कुणालाही वर नेऊ नये. अशांना घुमटासमोरच्या नगारखान्यातील संग्रहालय निवांत पाहता येते, मात्र ते शुक्रवारी बंद असते.

दुसरी चूक म्हणजे बारा ठिकाणांची यादी हातात घेऊन पळणे. गोलघुमट शहराच्या पूर्वेला आणि इब्राहिम रोझा, म्हणजे दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाची कबर, पश्चिमेला आहे, म्हणून पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकत जावे, आणि जामा मशीद, बारा कमान ही अपुरी राहिलेली कबर, मुलुख मैदान तोफ एवढीच ठिकाणे वाटेत घ्यावीत. तोफेपाशी लोक फोटो काढून दोन मिनिटांत निघतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. १५४९ मध्ये अहमदनगरला ओतलेली ही तोफ आपल्या शेजारच्या परांड्याच्या किल्ल्यातून येथे आली. तिच्या तोंडाशी वाकून पाहिले, तर सिंहाच्या जबड्यात सापडलेला हत्ती दिसतो. तो पाहिल्याशिवाय सोलापूरकराने तेथून हलू नये.

प्रत्येक ठिकाणी उतरण्यापूर्वीच परतण्याची वेळ आणि जमण्याची जागा सांगावी, आणि गाडी हलवण्याआधी माणसे मोजावीत. मोबाइलवर विसंबू नये. जेवणासाठी हॉटेल शोधण्यात तास घालवण्यापेक्षा कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही बरोबर असावे.

इब्राहिम रोझा भर दुपारी पाहणे ही मात्र शिक्षाच आहे. चौथऱ्यावर चपला काढाव्या लागतात आणि तापलेल्या दगडाने तळवे भाजतात. म्हणून माझ्या पिशवीत जुन्या मोज्यांचे चार जोड कायम असतात. चारच्या सुमारास पोहोचावे, कबर आणि मशीद यांच्यामधल्या मोकळ्या जागेत बसावे, आणि भिंतींवर कोरलेली अक्षरे डोळे भरून पाहावीत. साडेपाचला उठले, की टाकळीचा पूल ओलांडून रात्रीच्या जेवणाला सोलापुरात पोहोचता येते.