पाणी येत नाही, बर्फ पडत नाही? आधी फ्रिजच्या मागे बघा

फोन ठरलेला असतो. ‘दादा, फ्रिज नवा आहे, पण दारातून पाणी नुसतं ठिबकतंय. फिल्टरही बदलला.’ मी विचारतो, ‘नळी कुठून घेतलीये? आणि मजला कितवा?’ पलीकडे शांतता. फ्रिजचा नि मजल्याचा काय संबंध, असा चेहरा मला फोनवरूनही दिसतो.

दारातून पाणी आणि बर्फ देणाऱ्या, नळजोडाच्या फ्रिजमागे पाण्याचा व्हॉल्व्ह असतो. त्याला जोर लागतो. पाण्याचा दाब पीएसआयमध्ये मोजतात; बहुतेक पुस्तिकांत किमान वीस पीएसआय लिहिलेलं असतं, काहींत तीस. गच्चीवरच्या टाकीतून हा जोर मिळायचा तर टाकी फ्रिजपासून चौदा मीटर वर हवी, म्हणजे साधारण साडेचार मजले. शेवटच्या मजल्यावर टाकी डोक्यावर दहा फुटांवर असते, तिथं चार-पाच पीएसआयवर भागवावं लागतं. फिल्टर सोन्याचा बसवला तरी धार वाढणार नाही.

मागच्या उन्हाळ्यात पुण्यात एका काकांकडे गेलो. इमारत बारा मजली, फ्लॅट सहाव्या मजल्यावर. म्हटलं, जोर भरपूर असणार, व्हॉल्व्हच गेला असेल. नवा व्हॉल्व्ह पिशवीत टाकूनच गेलो. काकांनी तोवर दोन फिल्टर बदलले होते, एका मेकॅनिकने व्हॉल्व्हसुद्धा बदलला होता. मागची नळी काढून बादलीत सोडली, तर धार बादलीच्या काठालाच चिकटून ओघळली. नळीचा माग काढत ओट्यापर्यंत गेलो. प्लंबरने ती भिंतीवरच्या आरओच्या साठवण टाकीला जोडली होती! त्या टाकीतलं पाणी फक्त उंचीने उतरतं. पाच फुटांचे जेमतेम दोन पीएसआय. पिशवीतला व्हॉल्व्ह तसाच परत आणला. मीही आधी नळी बघायला हवी होती, हे कबूल.

काकांनी आरओनंतर दाब वाढवणारा छोटा बूस्टर पंप बसवून घेतला, नळ बंद झाला की आपोआप थांबणारा. काही जण सरळ मुख्य लाइनवर जोडतात. पण बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी असेल तर तसं करू नका. फ्रिजमधला कार्बनचा फिल्टर वास आणि क्लोरीन घालवतो, क्षार नाही. दोन वर्षांत व्हॉल्व्हच्या जाळीवर पांढरा थर बसतो.

कमी जोराचा दुसरा ताप बर्फाकडून येतो. पाण्याच्या दाबानेच हा व्हॉल्व्ह घट्ट मिटतो. दाब नसला की तो थेंबथेंब गळतो, ते थेंब फ्रीझरमध्ये शिरणाऱ्या नळीच्या तोंडाशी गोठतात आणि आइस मेकर उपाशी राहतो. मग लोक काय करतात? स्क्रू ड्रायव्हर घालून टोचतात. एका घरी मुलाने इतक्या उत्साहाने टोचलं की नळीलाच भोक पडलं. रात्रभर पाणी गळून सकाळी फ्रीझरच्या तळाशी मटाराची पिशवी काचेत बसवल्यासारखी गोठली होती. जुन्या सिंगल डोअर फ्रिजमध्ये सुरी लावणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको. तिथं फ्रीझरच्या पत्र्यातच गॅस फिरतो. फुस्स आवाज आला की हजारो रुपये गेले, आणि हल्ली बऱ्याच फ्रिजमध्ये असणारा आर-६००ए हा गॅस पेट घेणारा असतो. मी प्लग काढतो, दार उघडं ठेवतो, खाली जुना टॉवेल अंथरतो आणि कोमट पाण्यात पिळलेलं फडकं नळीभोवती धरून बसतो. वीस मिनिटं लागतात. कंटाळा येत असेल तर चहा टाका.

नवा फ्रिज लावून दोन तासांत ‘बर्फ नाही’ म्हणून फोन करू नका. चोवीस तास द्या. पहिल्या एक-दोन खेपांचा बर्फ फेकून द्या.

फिल्टर बदलल्यावर पाणी फुसफुसत, तुटत येतं, कारण आत हवा अडकलेली असते. चार-पाच मोठी पातेली भरून पाणी झाडांना घाला. तक्रार त्यानंतर करा.

बर्फाला कांद्याचा वास येतो? चिरलेला कांदा डब्यात ठेवा आणि जुना बर्फ टाकून द्या.

हाताने भरायच्या टाकीचा फ्रिज असेल तर त्यात सरबत ओतू नका. कोकम सरबत ओतणारं घर मी पाहिलंय. नळी आणि नळाचं तोंड चिकट होतं, आणि तो कोकमाचा वास महिनाभर जात नाही.

फ्रीझर उणे अठराच्या आसपास असू द्या. वीज वाचवायला उणे बारावर आणलात तर बर्फ रडतखडत पडेल. उलट, पाणी फ्रीझरच्या बाजूच्या दारातून येत असेल आणि तुम्ही उणे तेवीसवर नेलंत, तर दारातली पाण्याची नळीच गोठू शकते.

आणि फोन उचलण्याआधी दारावरचं कुलपाचं चिन्ह बघा. गेल्या महिन्यात एका ताईंकडे मी अर्धा तास गाडी चालवून गेलो आणि चाइल्ड लॉकचं बटण तीन सेकंद दाबून धरलं. पाणी आलं. त्यांनी मला त्याच पाण्याचा ग्लास दिला, येण्याजाण्याचे पैसे मात्र मी घेतले.