वक्र एकमेकांना छेदत असतील, तर एका हझार्ड रेशोवर विसंबू नका

फुप्फुसाच्या कर्करोगावरची 'आयपास' चाचणी २००९ साली प्रसिद्ध झाली. एका गटाला जेफिटिनिब (ईजीएफआर हे प्रथिन रोखणारी गोळी), दुसऱ्याला केमोथेरपी. आजार न बळावता गेलेल्या काळाचा मध्यक ५.७ आणि ५.८ महिने, म्हणजे सारखाच. तरी हझार्ड रेशो, म्हणजे दोन गटांतल्या त्या-त्या क्षणीच्या धोक्यांचं गुणोत्तर, ०.७४! सुरुवातीला केमोथेरपीचा वक्र (आजार न बळावलेल्यांचं प्रमाण काळानुसार दाखवणारी रेषा) वर होता, सहाएक महिन्यांनी दोघे एकमेकांना छेदून गेले आणि बारा महिन्यांनी आजार न बळावलेले रुग्ण जेफिटिनिब गटात २४.९ टक्के, तर केमोथेरपी गटात ६.७ टक्के उरले. ०.७४ हा आकडा यातलं काहीच सांगत नाही.

असा आकडा 'सरासरी परिणाम' म्हणून छापणं, ही पहिली चूक. ही सरासरी पाठपुरावा किती लांबला आणि रुग्ण कधी सेन्सॉर झाले (घटना घडण्याआधीच निरीक्षणाबाहेर गेले), यावरही हलते.

दुसरी चूक घाईची. हझार्ड प्रमाणात नाहीत, म्हणजे त्यांचं गुणोत्तर काळानुसार बदलतं, असं दिसलं की लगेच मॉडेल बदलायचं. आधी कारण शोधा. आयपासमध्ये गाठीत ईजीएफआर म्युटेशन (त्या जनुकातला बदल) असलेल्यांत रेशो ०.४८ होता, नसलेल्यांत २.८५. एकाच वक्रात दोन वेगळे आजार मिसळले होते म्हणा ना. इम्युनोथेरपीत मात्र वक्र उशिरा फाकतात, तिथे कारण औषधाच्या कामाच्या पद्धतीतच असतं.

हझार्ड प्रमाणात आहेत का हे तपासणारी शोएनफेल्ड रेसिड्युअलची चाचणी करताना नुसत्या पी-मूल्याकडे पाहू नका. रुग्ण हजारोंनी असले की क्षुल्लक फरकही 'लक्षणीय' ठरतो आणि थोडे असले की मोठा फरकही निसटतो. आलेख काढा, वळण कुठे आहे ते बघा.

आता मला सर्वांत जास्त वेळा दिसणारी चूक. परिणाम काळानुसार बदलतो म्हणून डेटात 'उपचार गुणिले काळ' असा स्तंभ करायचा आणि तो कॉक्स मॉडेलमध्ये (हझार्ड रेशो काढायच्या नेहमीच्या मॉडेलमध्ये) टाकायचा. हा काळ कोणाचा? त्या रुग्णाच्या स्वतःच्या शेवटाचा! म्हणजे उत्तरच प्रश्नात घुसलं. कोड बिनतक्रार चालतो, आकडे मात्र निरर्थक. दर मृत्यूच्या क्षणी, तेव्हा हयात आणि निरीक्षणाखाली असलेल्या सगळ्यांना त्याच क्षणाचा काळ लागू व्हायला हवा. 'आर' या सांख्यिकी भाषेच्या सर्व्हायव्हल पॅकेजमध्ये यासाठी 'टीटी' सोय आहे. नाहीतर प्रत्येक रुग्णाचा कालावधी तुकड्यांत मोडा.

स्तरीकरणाने (एखाद्या घटकाच्या प्रत्येक गटाला स्वतःचा वेगळा मूळ हझार्ड देऊन) अडचण सुटते, पण त्या घटकाचा गुणांकच, म्हणजे त्याच्या परिणामाचा आकडाच, मिळत नाही. म्हणून केंद्र किंवा आजाराचा टप्पा यांच्यासाठी ते ठीक, उपचारासाठी नाही. आणि दोन्ही गटांना एकच शेप पॅरामीटर (काळानुसार हझार्ड कसा बदलतो ते ठरवणारा आकडा) ठेवून वायबुल मॉडेल बसवलं, तर हझार्ड पुन्हा प्रमाणातच येतात. हातात काहीच पडत नाही.

मर्यादित सरासरी जगण्याचा काळ (आरएमएसटी), म्हणजे एका ठरलेल्या वेळेपर्यंतच्या जगण्याची सरासरी, मला आवडतो, कारण उत्तर महिन्यांत मिळतं. फक्त कापायची वेळ वक्र पाहून निवडू नका. ती अभ्यासाच्या आराखड्यातच लिहिलेली असावी आणि तोवर दोन्ही गटांत पुरेसे रुग्ण निरीक्षणाखाली असावेत.