करार मोडला? वकिलाकडे जाण्याआधीची तयारी

समजा, इंदूरच्या रामबागेत घरगुती फराळाचा व्यवसाय करणाऱ्या एका ताईंनी सांवेर रोडच्या कारखानदाराकडे पॅकिंग मशीन सांगितलं. दोन लाख आगाऊ दिले, गणपती झाले की लगेच मशीन मिळणार असं ठरलं, आणि दिवाळी उलटली तरी मशीन आलं नाही. अशा वेळी इंदूरात पहिला सल्ला मिळतो तो "थाण्यात रिपोर्ट लिहवा", म्हणजे पोलिसांत तक्रार करा. कृपा करून तिथून सुरुवात करू नका. फसवणुकीच्या गुन्ह्यासाठी समोरच्याची नियत सौदा करतानाच खोटी होती हे दिसावं लागतं. नंतर शब्द पाळला नाही एवढ्यावर तो मामला दिवाणीच राहतो. सर्वोच्च न्यायालयाने हृदय रंजन प्रसाद वर्मा प्रकरणात 2000 साली हे स्पष्ट सांगितलं आहे.

वकिलाकडे जाण्याआधी घरात शांत बसून एक गोष्ट ठरवा: तुम्हाला नक्की काय हवं आहे? आगाऊ रक्कम परत, झालेल्या नुकसानीची भरपाई, ठरलेली वस्तूच, की समोरच्याला काही करण्यापासून रोखणं? भरपाईचे नियम 1872 च्या करार कायद्यात आहेत. करार प्रत्यक्ष पुरा करून घेणं आणि मनाई हुकूम 1963 च्या विशिष्ट अनुतोष अधिनियमात. करार रद्द करून आगाऊ परत मागितली म्हणून भरपाईचा हक्क जात नाही, करार कायद्याचं कलम 75 तो शाबूत ठेवतं. बाजारात मिळणाऱ्या मशीनसाठी पैसे आणि भरपाई मागणं बहुधा शहाणपणाचं. मात्र तुम्ही अजून वाट पाहत असाल आणि मशीन उशिरा दारात आलं, तर उतरवून घेतानाच "उशिराच्या भरपाईचा हक्क राखून स्वीकारत आहे" असं लेखी कळवा. त्याच कायद्याच्या कलम 55 प्रमाणे त्या वेळी गप्प राहिलात, तर उशिराबद्दल पुढे काही मागता येत नाही.

मग कागद. कोटेशन, ऑर्डर, पक्कं बिल किंवा कच्ची पावती, बँकेचं स्टेटमेंट, सगळं तारखेप्रमाणे लावा. लिखापढी झाली नसेल तरी निराश होऊ नका, तोंडी करारही करारच असतो. फक्त तो व्हॉट्सअॅपच्या निरोपांतून आणि पैसे दिल्याच्या नोंदींतून उभा करावा लागतो. ते निरोप पुसू नका, फोन विकू नका. 1 जुलै 2024 पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खाली अशा पुराव्याला प्रमाणपत्र जोडावं लागतं, नुसत्या स्क्रीनशॉटवर भागत नाही. करार कमी मुद्रांकाच्या कागदावर असेल तर वकिलांना पहिल्याच भेटीत सांगा, कारण मुद्रांकाची उरलेली रक्कम दंडासह भरेपर्यंत तो कागद पुराव्यात घेतला जात नाही. आणि तुमची भागीदारी फर्म नोंदलेली नसेल, तर कराराच्या हक्कासाठी बाहेरच्यावर दावाच लावता येत नाही. नोंदणी आधी करा.

सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो नुकसानीच्या हिशेबाला. लोक इथेच कमी पडतात. मनस्ताप खरा असतो, पण व्यापारी सौद्यात न्यायालय मोजतं ते दाखवता येणारं नुकसान. करार कायद्याचं कलम 73 दोन प्रकारचं नुकसान मान्य करतं: जे करारभंगातून सहजपणे होतंच, आणि जे होईल हे करार करताना दोघांनाही ठाऊक होतं. हा नियम इंग्लंडच्या 1854 च्या हॅडले विरुद्ध बॅक्सेंडेल खटल्यातून आला. तिथे गिरणीचा मोडलेला दांडा पोचवायला वाहतूकदाराने उशीर केला. दांड्यावाचून गिरणी बंद आहे हे त्याला पुरेसं सांगितलेलं नव्हतं, म्हणून बुडालेला नफा मिळाला नाही. तेव्हा आपल्या ताईंनी शोधायचा तो निरोप, ज्यात "दिवाळीच्या ऑर्डरी घेतल्या आहेत, मशीन वेळेत हवंच" असं करार ठरतानाच लिहिलं होतं. त्यासोबत त्या ऑर्डरी, परत केलेले पैसे, मागच्या दिवाळीचा रोजमेळ. नुकसान आटोक्यात ठेवायला काय केलं हेही पाहिलं जातं: भाड्याने मशीन आणलं, जास्तीच्या बायका कामाला लावल्या, त्याची बिलं आणि मजुरीच्या नोंदी ठेवा.

करारात "रोज पाच हजार दंड" असं लिहिलं असेल तर तो आकडा हातात पडलाच असं धरू नका. कलम 74 खाली तो कमाल मर्यादा ठरतो आणि वाजवी तेवढंच मिळतं. हीच ढाल तुमच्या बाजूनेही चालते: तुमचा विसार कोणी जप्त केला आणि त्याचं काही नुकसानच झालं नाही, तर सर्वोच्च न्यायालयाचा 2015 चा कैलाश नाथ असोसिएट्सचा निकाल वकिलांना दाखवा.

प्लॉटच्या सौद्याची गोष्ट निराळी. इथे तोच प्लॉट मागता येतो, पण उरलेले पैसे देण्याची तयारी तुमच्याकडे सतत होती हे सिद्ध करावं लागतं. म्हणून त्या काळातलं बँक स्टेटमेंट, मंजूर कर्जाचं पत्र जपा. दाव्यात पर्याय म्हणून विसाराची परतफेडही मागा. मागितली नाही तर न्यायालय ती आपणहून देत नाही.

जायचं कुठे? ताई पोटापाण्यासाठी स्वतः राबून धंदा चालवत असतील तर त्या ग्राहक ठरतात आणि जिल्हा ग्राहक आयोगात जाऊ शकतात. दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, मुदत दोन वर्षं. मोठ्या धंद्याचा तीन लाख किंवा अधिकचा वाद व्यावसायिक न्यायालयात जातो, आणि तातडीचा हुकूम नको असेल तर आधी मध्यस्थी सक्तीची आहे. माल तुम्हीच बनवून दिला आणि पैसे अडकले, तर उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म-लघु उद्योगाला 2006 च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग कायद्याने जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे मिळायला हवेत. पुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. ती नोंदणी सौद्याआधीची असू द्या. करारात लवादाचं किंवा "न्यायक्षेत्र फक्त मुंबई" असं कलम आहे का, तेही वाचा.

दिवाणी दाव्याची मुदत करारभंगापासून तीन वर्षं. "बघू, देतो" ऐकत ती संपते. तोंडी आश्वासनाने वाढत नाही. मुदतीतच सहीनिशी लेखी कबुली घेतलीत तर नव्याने मोजली जाते.

वकिलांमार्फत समोरच्याला पाठवायच्या नोटिशीत रक्कम, तिचा हिशेब आणि व्याजाची मागणी स्पष्ट लिहवून घ्या. आपली जिल्हा न्यायालयं हिंदीत चालतात, म्हणून मराठी निरोपांचं आणि चिठ्ठ्यांचं हिंदी भाषांतर आधीच करून ठेवा. आणि किमान किती रकमेवर तडजोड मान्य आहे तो आकडा घरच्यांशी बोलून, मध्यस्थीच्या तारखेआधी कागदावर लिहा. तो कागद फक्त तुमच्या वकिलांना दाखवा.