आराखड्यातली शाळा

तहसीलच्या आपत्ती कक्षात रुजू झालात की पहिल्याच आठवड्यात कुणीतरी मागच्या वर्षीचा आपत्ती व्यवस्थापन आराखडा हातात देईल. ‘तारखा बदला, झालं काम.’ मीही बदलल्या. तिथंच फसलो.

सप्टेंबरात रात्री दोनला पोलीस पाटलांचा फोन. ‘साहेब, तुमच्या कागदात निवारा म्हणून शाळा लिहिलीय. पण मधी ओढा हाय की! माणसं न्यावी कशी?’ नदी फुगली की तिला मिळणारा ओढा मागं तुंबतो, आणि गाव नदीआधी ओढ्यानंच तुटतं. लोक रात्रभर मारुतीच्या पारावर बसून राहिले. जीव कुणाचा गेला नाही, ते त्यांचं नशीब. माझी कामगिरी नव्हे.

सकाळी आराखडा उघडला, तर पूर, भूकंप, वीज, दुष्काळ, सगळ्यांपुढं तीच शाळा. पुराला निवारा वाटेत पाणी न लागणारा हवा. भूकंपात तर आधी छपराखालून बाहेर पडायचं. तिथं मोकळं मैदान लिहा. 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे 3:56 ला किल्लारीत माणसं झोपेत होती, आणि दगडमातीच्या जाड भिंती, वरची माळवदं त्यांच्यावरच आली. विजेला पक्की इमारत चालते, पण रानातला गडी तिथवर पोचेल तेव्हा ना! त्याला ‘दामिनी’ ॲपवरचा इशारा वेळेत कोण सांगणार, त्या माणसाचं नाव लिहा. दुष्काळाला निवारा कसला? तिथं विहीर अधिग्रहण, टँकर, चारा. 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. अशी तजवीज एका रात्रीत होत नसते.

घाबरू नका. महसूल मंडळात चोवीस तासांत 65 मिलिमीटरच्या वर पाऊस म्हणजे अतिवृष्टी, एवढंसुद्धा माझ्या डोक्यात महिनाभर बसत नव्हतं. पण शिवार न फिरता आराखड्यावर सही केलीत, तर खुर्ची सोडा. प्रशिक्षणाला जा, जेवण चांगलं असतं. ओढा कुठून फुटतो ते मात्र कोतवालच सांगेल. त्याच्या मागं मोटारसायकलवर बसा, मे महिन्यातच.

यादीतला एकेक नंबरही स्वतः लावून बघा. माझ्याकडं पोकलेनवाल्याच्या नावापुढं एका शिक्षिकेचा नंबर होता. त्या रात्री उठवल्यापासून बाई दर पावसाळ्यात फोन करून विचारतात, ‘पाणी कुठवर आलं हो?’