कोक ओ व्हँ : सांगलीच्या स्वयंपाकघरात, हळदीवाचून

‘कोक ओ व्हँ’ म्हणजे वाइनमध्ये शिजवलेला कोंबडा. फ्रान्सच्या बर्गंडी प्रांताशी जोडल्या जाणाऱ्या या पदार्थाचे नाव परके असले, तरी त्यामागची अडचण आपल्या ओळखीची आहे. परसात हिंडून मोठ्या झालेल्या कोंबड्याचे मांस चिवट असते. आपण ते वाटण घालून रटरटत शिजवतो, तर तिकडे तेच काम तांबड्या वाइनवर आणि मंद आचेवर सोपवतात. म्हणून पहिल्या प्रयत्नासाठीही गावरान कोंबडाच घ्यावा. मी पहिल्या वेळी ब्रॉयलर घेऊन दोन तास शिजवला आणि ताटात हाडे वेगळी व मांसाचे कोरडे धागे वेगळे, असे वाढण्याची वेळ आली. ब्रॉयलरच मिळाला, तर पाऊण तास पुरे.

सुमारे दीड किलोचा कोंबडा कातडीसकट, आठ-दहा मोठे तुकडे करून आणावा. आपल्याकडे गावरान कोंबडा भाजल्यावर त्याला हळद चोळण्याची पद्धत आहे. हळदीची एवढी मोठी बाजारपेठ असलेल्या सांगलीत हे सांगणे विचित्र वाटेल, पण या वेळी हळद लावू नका, असे दुकानदाराला आधीच बजावावे. हळदीपुढे वाइनची चव टिकत नाही.

वाइन ७५० मिलिलिटरची एक बाटली, तांबडी आणि कोरडी, म्हणजे गोड नसलेली घ्यावी. बर्गंडीत पिनो न्वार वापरतात. आपल्याकडे सहज मिळणारी शिराझ चालते. ‘पोर्ट’ या नावाने विकली जाणारी गोड वाइन मात्र टाळावी, कारण आटल्यावर रस्सा पाकासारखा होतो. तासगावची द्राक्षे घरात असली, तर ती जेवणानंतर खावीत, भांड्यात त्यांचे काही काम नाही.

आदल्या रात्री तुकडे, जाड चिरलेले दोन कांदे, एक गाजर आणि लसणाच्या सहा पाकळ्या वाइनमध्ये बुडवून फ्रिजमध्ये ठेवाव्यात. भांडे स्टीलचे किंवा काचेचे असावे; वाइनमधील आम्लामुळे ॲल्युमिनियमच्या पातेल्याचा धातुसर स्वाद रश्शात उतरतो. सुवासासाठी थाइम (बारीक पानांची एक सुगंधी वनस्पती) आणि तमालपत्र लागते. त्यांचे तमालपत्र वेगळ्या झाडाचे असते आणि आपल्या पानाला दालचिनीचा वास असतो, त्यामुळे आपले अर्धे पानच पुरते. वाळलेले थाइम मिळाले नाही, तर चिमूटभर ओवा घालावा; थायमॉल हे सुगंधी द्रव्य दोन्हींत असते, पण चिमटीपेक्षा जास्त ओवा पडला, की सगळ्या रश्शाला त्याचाच वास येतो.

दुसऱ्या दिवशी तुकडे बाहेर काढून स्वच्छ कापडाने अगदी कोरडे टिपावेत. घाईत हीच पायरी वगळली जाते आणि पदार्थ इथेच बिघडतो, कारण ओला तुकडा परतला जात नाही, तो स्वतःच्या वाफेत उकडतो आणि करडा पडतो. जाड बुडाच्या पातेल्यात थोडे तेल आणि लोणी तापवून तीन-चार तुकडेच एका वेळी घालावेत आणि प्रत्येक बाजू गडद तपकिरी होईपर्यंत हलवू नयेत. त्यानंतर निथळलेल्या भाज्या परताव्यात, दोन चमचे मैदा घालून मिनिटभर भाजावा आणि गाळलेली वाइन ओतून बुडाला धरलेला तपकिरी थर उलथन्याने खरवडून घ्यावा. चवीचा मोठा भाग त्या थरातच असतो. फ्रेंच पाककृतींत या टप्प्यावर ब्रँडी ओतून ती पेटवतात. चिमणीखाली आणि पहिल्याच वेळी हे धाडस करू नये.

तुकडे, थाइम आणि तमालपत्र रश्शात घालावे, तुकडे बुडतील इतके पाणी ओतावे, झाकण ठेवावे आणि आच इतकी मंद करावी, की मधूनच एखादा बुडबुडा वर येईल. चिवटपणा ज्या कोलॅजेनमुळे येतो, ते हळूहळू विरघळून जिलेटिन होते आणि त्यानेच रश्शाला अंग येते; खळखळ उकळीने मात्र मांसाचे धागे आवळतात आणि कोरडे पडतात. गावरान कोंबड्याला दोन ते अडीच तास लागतात. छातीचे तुकडे तासाभराने काढून शेवटी परत घालावेत. कुकरमध्ये वेळ वाचतो, पण रस्सा आटत नाही आणि पातळ राहतो.

दरम्यान पंधरा-वीस बारके कांदे आणि २०० ग्रॅम बटण मशरूम लोण्यावर वेगवेगळे परतून ठेवावेत. मूळ पदार्थात डुकराच्या खारवलेल्या मांसाचे तुकडेही असतात. ते वगळले तरी चालते, फक्त लोणी थोडे वाढवावे. मांस शिजल्यावर ते काढून रस्सा झाकणाशिवाय आटवावा आणि चमच्याच्या पाठीला धरू लागला, की सगळे एकत्र करावे. रस्सा आटल्यावर खारटपणा वाढतो, म्हणून मीठ शेवटीच नेमके करावे. इतके शिजूनही अल्कोहोलचा थोडा अंश उरतो, हे पाहुण्यांना आधी सांगावे आणि लहान मुलांसाठी वेगळा पदार्थ करावा.

उकडलेल्या बटाट्यांबरोबर किंवा पावाबरोबर वाढावे. आमच्याकडे दुसऱ्या दिवशी उरलेला रस्सा ज्वारीच्या भाकरीशी संपला, आणि तो आदल्या रात्रीपेक्षा चांगला लागला.